रेगे मॅडमचा डबा आणि माझी वही

तुमच्या ओळखीत आहे का हो अशी एखादी, जिचं इंग्रजी तुमच्यापेक्षा कच्चं आहे आणि तरी सगळे तिचंच ऐकतात? माझ्या ओळखीत आहे. समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. सुलभा तिचं नाव.

आमच्या इंग्रजीच्या क्लासचे किस्से फ्रिजमधल्या उरलेल्या भाज्यांसारखे आहेत. आज एक वाटी, उद्या एक वाटी, झाकण ठेवून सगळं आतच. मग एक दिवस दूध ठेवायला जागा उरत नाही! म्हणून आज एकेक वाटी बाहेर काढते. बऱ्याचशा वाट्या सुलभाच्याच निघतील, हे आधीच सांगते. माझं दुखणंही तेच आहे.

क्लास कोथरूडमध्येच, आमच्या घरापासून गाडीवर पाच मिनिटांवर, एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी तीन ते चार. शिकवतात रेगे मॅडम. शाळेतून रिटायर झाल्या, पण शाळा त्यांच्यातून रिटायर झाली नाही. इंग्रजीतले वाक्प्रचार हा त्यांचा आवडता विषय. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात चिठ्ठ्या. दर सोमवारी प्रत्येकीने एक उचलायची, मॅडम अर्थ सांगणार, आणि शुक्रवारपर्यंत तो वाक्प्रचार वापरून यायचं. चिठ्ठी बदलून मिळत नाही.

नियम एकच. वाक्य खरं हवं. आपल्या आयुष्यात घडलेलं, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याच्या तोंडावर बोललेलं.

"खोट्या वाक्यांनी भाषा येत नाही, बायांनो!" मॅडम म्हणतात. वाक्य पटलं की त्यांचा शेरा ठरलेला. "खरं आहे. चालेल."

मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली आहे. खाकी कव्हर घातलेली. लाल शाईने वाक्प्रचार, निळ्याने अर्थ, हिरव्याने वाक्य. एकही दिवस दांडी नाही. सुलभाकडे वही नाही. ती गॅसच्या बिलामागे लिहिते आणि बिल हरवते. मग माझी वही बघते. ती मला स्कूटरवर मागे बसवून क्लासला नेते. खालून एकदा हॉर्न वाजला की 'खाली ये', दोनदा वाजला की 'वही घेऊन खाली ये'. वर्षभर हॉर्न दोनदाच वाजत होता.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. दहावीनंतर मला डी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं. नाही जमलं, लग्न झालं, असो. पण एकदा तरी हातात खडू घेऊन फळ्यासमोर उभं राहायचं, ही हौस काही गेली नाही. क्लासमध्ये मी फळ्यासमोरच्या खुर्चीवरच बसते.

* * *

पहिला किस्सा बँकेतला.

सुलभाला चिठ्ठी आली 'पीस ऑफ केक'. म्हणजे अगदी सोपं काम. त्याच आठवड्यात आम्हाला दोघींना बँकेत केवायसीचे कागद द्यायचे होते. माझा फॉर्म आदल्या दिवशीच भरून तयार. फोटो चिकटवलेला, झेरॉक्सवर सह्या केलेल्या. सुलभाच्या फॉर्मवर नाव सोडून काहीच नाही!

काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, फॉर्म भरता येईल ना?"

सुलभा संपूर्ण बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पीस ऑफ केक!"

तो मुलगा इतका हसला, इतका हसला, की त्याने स्वतःच्या पेनाने तिचा फॉर्म भरून दिला. जिथे सही करायची तिथे फुल्या मारून दिल्या. वर "काकू, भारी बोलता!" असं सर्टिफिकेट.

मग माझा नंबर आला. मी माझे कागद नीट टाचून पुढे सरकवले.

"लंच टाइम," तो म्हणाला.

* * *

मला एकदा चिठ्ठी आली 'ब्रेक द आइस'. म्हणजे अनोळखी माणसाशी पहिल्यांदा बोलून अवघडलेपणा घालवायचा. आमच्या वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आली होती, आयटीतली मुलगी. मी ठरवलं, हिच्याशीच बोलायचं. तीन दिवस वाक्य घोटलं. कणीक मळताना घोटलं, कपडे वाळत घालताना घोटलं. यजमान म्हणाले, "अगं, तिला सांगायचंय की कोर्टात साक्ष द्यायचीय?"

गुरुवारी ती लिफ्टमध्ये भेटली. मी घसा साफ केला.

ती म्हणाली, "काकू, कितवा मजला?"

मी म्हणाले, "तिसरा."

तिसरा आला.

शुक्रवारी मी क्लासमध्ये प्रामाणिकपणे इंग्रजीत सांगितलं, की मी आइस ब्रेक करायचा प्रयत्न केला, पण तिसरा मजला आला. पाटणकर काकू मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "लिफ्ट फार जलद आहे हो तुमची."

खरं दुःख पुढेच आहे. जाताना सुलभा म्हणाली, "ती वरची का? मयूरी! गोड मुलगी आहे. मंगळवारी चहाला गेले होते मी. उपमा काय करते गं!"

तिला ती चिठ्ठी आलीसुद्धा नव्हती!

* * *

पाटणकर काकूंची ओळख करून द्यायला हवी. वय पंच्याहत्तर. जन्म शनिवार पेठेतला, आता मुलाकडे कोथरूडला राहतात. नातू अमेरिकेत आहे, त्याच्या बायकोशी बोलता यावं म्हणून क्लासला येतात. "बोलता यावं म्हणजे, ऐकवता यावं," असं त्या स्वतःच सांगतात.

त्यांना चिठ्ठी आली 'कॉल अ स्पेड अ स्पेड'. मॅडमनी अर्थ सांगितला. जे आहे ते आडपडदा न ठेवता तोंडावर सांगणं.

काकूंनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "यात वाक्प्रचार कुठला? आमच्या पेठेत याला नुसतं बोलणं म्हणतात."

"काकू, तरी एक वाक्य आणा शुक्रवारी," मॅडम म्हणाल्या.

"शुक्रवार कशाला? मॅडम, आज तुम्ही नेसलेली साडी तुम्हाला अजिबात शोभत नाही."

मॅडमनी साडीकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "चालेल."

* * *

कुंदाताई यवतमाळकडच्या. मुलाला इथे नोकरी लागली म्हणून नवरा-बायको आले, आणि आता शेजारच्या इमारतीतल्या बारा आयटीवाल्या पोरांना डबे देतात. त्यांना चिठ्ठी आली 'अंडर द वेदर', म्हणजे तब्येत जराशी बरी नसणं.

आता कुंदाताईंची तब्येत म्हणजे दगड! आजारी पडायची वाट बघून बघून गुरुवार उजाडला. शेवटी त्यांनी पोरांच्या ग्रुपवर टाकून दिलं, "टुडे आय अ‍ॅम अंडर द वेदर."

अर्ध्या तासात पहिला पोरगा दारात. हातात संत्री. मग दुसरा, थर्मामीटर घेऊन. तिसरा नारळपाणी घेऊन. एकाने तर ऑफिसातून सुट्टी टाकली! आता आलेल्या पोराला चहा तरी द्यायला नको? बाराच्या बारा आले. कोणाला बिनसाखरेचा, कोणाला आल्याचा.

शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, "कुंदाताई, नियम काय आहे? तुम्ही कुठे आजारी होता?"

"होती नाही मॅडम," कुंदाताई नाक पुसत म्हणाल्या, "पण बारा जणांचा चहा करता करता झाली ना! कालपासून कणकणून राहिलं. हात लावून पाहा!"

मॅडमनी खरोखर उठून कपाळाला हात लावला. "खरं आहे. चालेल."

या किश्शात सुलभा नाही. म्हणून मला तो फार आवडतो.

* * *

आता पंख्याचा किस्सा. हा सांगताना मला अजून त्रास होतो.

हॉलचा पंखा नऊ महिने बंद होता. मी त्या सोसायटीच्या चेअरमनना तीन अर्ज लिहिले होते. सुवाच्य अक्षरात, विषय, संदर्भ, आपली विश्वासू, सगळं रीतसर. तिसऱ्या अर्जावर तर स्मरणपत्र क्रमांक दोन असंही लिहिलं होतं. पंखा जिथल्या तिथे.

सुलभाला चिठ्ठी आली 'हिट द नेल ऑन द हेड'. म्हणजे अगदी नेमकं, मुद्द्याचं बोलणं. बुधवारी चेअरमन हॉलमध्ये डोकावले. पंख्याकडे बघून म्हणाले, "हं. याचं काहीतरी केलं पाहिजे, पण काय करावं तेच कळत नाही."

सुलभा उठून उभी राहिली. "सर! यू हॅव हिट द नेल ऑन द हेड!"

आता सांगा, यात नेमकं काय होतं? तो माणूस 'कळत नाही' म्हणाला होता! पण त्याला आयुष्यात असं कोणी म्हटलं नसावं. छाती अशी फुगली! शुक्रवारी आम्ही गेलो तर पंखा नवा कोरा, गरगर फिरतोय.

मॅडमनी सुलभाला विचारलं, "अगं, तो नेमकं काहीच बोलला नव्हता. हे वाक्य खरं कसं?"

सुलभाने वर बोट दाखवलं.

मॅडमनी वर पाहिलं. "चालेल," म्हणाल्या. 'खरं आहे' म्हणाल्या नाहीत, हे मी वहीत लिहून ठेवलं आहे.

माझी खुर्ची बरोबर पंख्याखाली. वारं छान लागत होतं. पण मला ते गोड लागलं नाही.

* * *

मग तो शुक्रवार आला.

मॅडम म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी सकाळी साडेनऊला नवीन बॅच सुरू करतेय. घरकाम करणाऱ्या, पोळ्या करणाऱ्या बायका. दोन बॅच मला एकटीला झेपणार नाहीत. तुमच्यातलीच एकजण शिकवेल. कोण ते आत्ताच सांगते."

फळ्याखाली खडूची डबी होती. मी तिच्याकडे बघत होते.

"सुलभा शिकवेल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या.

नंतर खुर्च्या लावताना मॅडम माझ्याजवळ आल्या. "निर्मला, तुझं सगळं बरोबर असतं गं. त्या बायका घाबरतील तुला. सुलभा चुकते, त्यामुळे समोरचीला तोंड उघडायचा धीर येतो."

मी म्हणाले, "हो मॅडम, बरोबर आहे." माझं सगळं बरोबरच असतं ना!

स्कूटरवर सुलभा अखंड बोलत होती. सिग्नलला मान मागे वळवून म्हणाली, "निमा, तुझी वही लागेल गं मला. मला कुठे अर्थ पाठ आहेत? तुझ्या वहीवरच शिकवीन मी."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, ती रद्दीत गेली बहुतेक."

वही माझ्या पर्समध्ये होती. पर्स माझ्या आणि तिच्या पाठीच्या मधे होती.

घरी गेल्यावर मी वही पलंगाच्या बॉक्समध्ये, पाहुण्यांच्या गाद्यांच्या खाली ठेवून दिली.

* * *

सोमवारी खालून हॉर्न एकदाच वाजला.

क्लासमध्ये डबा फिरला. मी चिठ्ठी उघडली. 'ग्रीन विथ एन्व्ही'.

मॅडम अर्थ सांगायला लागल्या, "म्हणजे हेव्याने, मत्सराने..." मी म्हणाले, "माहीत आहे मॅडम." आयुष्यात पहिल्यांदा मी मॅडमना मधे तोडलं.

घरी यजमानांना सांगितलं, तर ते म्हणाले, "सोपं आहे. माझ्या वहिनीचं नवीन किचन झालंय ना? फोन करून सांगून टाक तिला."

मी खरंच विचार केला. पण जाऊबाईंच्या किचनचा मला हेवा वाटतच नव्हता. ओटा फार उंच झालाय त्यांचा. आणि वाक्य तर खरं हवं!

बुधवारी पुन्हा हॉर्न एकदाच. खाली गेले तर सुलभाच्या ड्रेसवर धूळ, नखं काळी, कोपरावर खरचटलेलं.

"काय गं हे?"

"काल रद्दीच्या दुकानांत गेले होते. तीन दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी तर दोन गोण्या खाली ओतल्या. तो ओरडला माझ्यावर, मग मीच परत भरून दिल्या. खाकी कव्हरच्या अकरा वह्या निघाल्या निमा! सगळ्या कुणाकुणाच्या गणिताच्या." तिने हेल्मेट घातलं. "शनिवारचं राहू दे, मी काहीतरी बोलेन तिथे. पण तू इतकं जीव लावून लिहिलेलं गं... ते असं जाऊन कसं चालेल?"

त्या दिवशी स्कूटरवर ती एकटीच बोलली.

* * *

शुक्रवार. वाक्यांचा दिवस.

कुंदाताईंचं झालं. काकूंचं झालं. सुलभाचं झालं, तिच्या वाक्यात दोन चुका होत्या आणि सगळे हसले.

"निर्मला?"

मी उभी राहिले. हातात कागद नव्हता. मी सुलभाकडे वळले. इंग्रजीतच बोलायचं होतं, म्हणून बरं झालं. मराठीत मला ते बोलता आलं नसतं.

"सुलभा, यू गॉट द सॅटर्डे बॅच. आय वॉज ग्रीन विथ एन्व्ही. आय अ‍ॅम स्टिल ग्रीन. माय नोटबुक डिड नॉट गो टू रद्दी. इट इज अंडर द गादी."

पाच वाक्यं. न अडखळता. क्लासला लागल्यापासून मी सलग इतकं इंग्रजी कधीच बोलले नव्हते.

कुंदाताई हळूच "अवं बाप्पा" म्हणाल्या. मी पाटणकर काकूंकडे पाहिलं, म्हटलं आता काहीतरी येणार. त्या खाली बघून पर्सची चेन लावत-उघडत होत्या.

सुलभाने आपल्या हातांकडे पाहिलं. नखं अजून नीट स्वच्छ झाली नव्हती. मग तिने टेबलावरची स्कूटरची किल्ली उचलली आणि बाहेर गेली. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. पुढचं काही म्हणाल्या नाहीत.

मी चालत घरी आले. यजमानांच्या मदतीने पाहुण्यांच्या गाद्या उचलल्या, वही काढली. कव्हर एका कोपऱ्यात दुमडलं होतं, ते सरळ केलं. समोर जाऊन बेल वाजवावी म्हणून दोनदा दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा परत आले. वही जेवणाच्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता खाली हॉर्न वाजला. दोनदा.